वाऱ्याचा बाण

एकतीस वर्षं मी फळ्यावर तोच टिब्बा काढला.
आधी चंद्रकोर, दोन्ही शिंगं वारा जातो तिकडे,
मग पाठीवर एक बाण.
इकडून वारा चढतो, उतार मंद.
तिकडे वाळू घसरते, उतार तीव्र.
बारखाण. लिहून घ्या. परीक्षेला येतं.

सातवी ब मधली मृदुला आंबर्डेकर
पहिल्या बाकावरून म्हणाली,
बाई, तुम्ही पाहिलाय?
बाहेर जीवाजीगंजात कुणीतरी पातेल्याला कल्हई लावत होतं,
नवसागराचा वास वर्गात आला होता,
आणि मी म्हटलं, हो.
एवढंच. हो.
खडू तुटला नाही, काही झालं नाही.
पुढच्या वर्षी कुणी न विचारताच सांगितलं,
त्याच्या पुढच्या वर्षी त्यात उंटही आला.

निवृत्तीला शाळेनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं.
मी जैसलमेरचं तिकीट काढलं.
घरात सांगितलं, हवापालट.

सम.
जीपगाड्या, जनरेटर, वेफर्सची रिकामी पाकिटं,
एका टिब्ब्यावर तीनशे माणसं
सूर्य बुडायची वाट बघत मोबाइल वर धरून.
उंटवाला लूणे खाँ, असेल सोळा वर्षांचा,
उंटाचं नाव कलेक्टर.
त्याला म्हटलं, जिथं कुणी नाही तिथं ने.
तो म्हणाला, वहाँ तो कुछ भी नहीं है, माताजी.
म्हटलं, तेच.

वाऱ्याच्या बाजूनं चढले. पाय घट्ट बसत होते,
वाळू दाबलेली, लाटालाटांची,
जशी मी लिहून द्यायचे अगदी तशी.
वरची कडा इतकी बारीक
की पाऊल ठेवायची लाज वाटली.
पलीकडे टाकलं आणि गुडघ्यापर्यंत गेले.
तेहतीस अंश, मनात म्हटलं, तेहतीस ते चौतीस,
आणि बसूनच खाली घसरले.
साडी नेसले नव्हते ते बरं.
वाळू सुस्कारली.
हे पुस्तकात नव्हतं.

खाली उभी राहून वळून बघितलं.
चंद्रकोर कुठंच नव्हती.
शिंगं नव्हती, बाण तर नव्हताच.
चढ होता, नुसता चढ,
आणि त्यावर माझ्या घसरण्याचा रुंद ओरखडा,
बघता बघता भरत चाललेला.
विचारलं, हा चंद्रासारखा दिसतो का रे कधी?
लूणे खाँ म्हणाला, हमको तो धोरा दिखता है.
पिछले साल उस खेजड़ी से दूर था.
खेजडी कमरेपर्यंत वाळूत उभी होती.

मे महिन्यात दौलतगंजात औषधाच्या दुकानात मृदुला दिसली.
चष्मा, केसांना मेंदी, माझ्याच रक्तदाबाच्या गोळ्या मोजत.
म्हटलं, पाहून आले गं.
काय, बाई?
टिब्बा. तू विचारलं होतंस.
ती हसली, छान हसली.
मी? मला कुठं भूगोल यायचा!
दहा टक्के कमी करते तुम्हाला.

त्याच संध्याकाळी आंधी आली.
किल्ला आधी पिवळा झाला, मग नाहीसा.
लष्करभर दारं आपटली,
समोरच्या गच्चीतून शितोळेवहिनी ओरडल्या, कपडे! कपडे!
खिडक्या लावूनही टेबलावर साय धरली.
वर्ग असता तर सांगितलं असतं,
वाळू एवढ्या लांब येत नाही,
ती जड, जमिनीलगत उड्या मारते.
येते ती धूळ.
दोन्हींत गल्लत करू नका.

दिवे गेलेले. टेबलावर बोटानं कोर काढली,
दोन शिंगं काढली,
बाणासाठी बोट उचललं आणि थांबले.
फळ्यावर वारा नेहमी डावीकडून यायचा.
ही खिडकी माझ्या उजव्या हाताला,
आणि तिची फट अजून शिट्टी घालत होती.

दिवे आले तेव्हा
कोरीवर नवी धूळ बसली होती, पातळ, एकसारखी,
बोट तसंच हवेत होतं,
आणि फडकं कुठं ठेवलंय ते काही आठवेना.